रहाटाचे दात

पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरील गोटमार आठवते, नाही तर संत्री आठवतात. मला आठवतो तो आमच्या विहिरीवरचा लोखंडी रहाट. कोकणातील वाचकांना, विशेषतः अष्टागरातील नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना, रहाटाची ओळख करून द्यायला नको. तिकडचा जुना रहाट लाकडाचा, त्याचे दात म्हणजे ठोकलेल्या खुंट्या. आमचा बिडाचा, ओतीव दातांचा. कारभार मात्र एकच. बैल गोल फिरतात, त्यांच्याबरोबर एक मोठे आडवे चाक फिरते, त्याचे दात एका लहान उभ्या चाकात अडकतात, आणि त्या लहान चाकाच्या आसामुळे विहिरीच्या तोंडावरचे चाक फिरून पत्र्याच्या डब्यांची माळ वर येते.

आमच्या मोठ्या चाकाला 60 दात होते, लहानाला 20. ते मोजणे हा माझा त्या वयातला खेळ. बैलांचा एक फेरा पुरा होई तोवर लहान चाक तीनदा फिरे. बैल इतके संथ चालत असता डबे एवढ्या लगबगीने कसे वर येतात, याचे मला मोठे नवल वाटे. वाढलेल्या गतीची किंमत कोणाला तरी मोजावी लागत असेल, हे दहा वर्षांच्या मुलाला सुचत नाही. काकांना ते सुचले असावे, पण त्यांनी ते बाजूला सारले.

1965 साली देशाच्या फार मोठ्या भागात पावसाने ओढ दिली. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी इतके खाली गेले की माळेला नवे डबे जोडावे लागले. म्हणजे बैलांचे ओझे आधीच वाढलेले होते. झाडांवर आंबिया बहर होता आणि पाण्यावाचून कोवळी फळे गळत होती. बागेवर कर्ज होते. काकांनी लोहाराला बोलावले. त्याच्याकडे मोडीत निघालेल्या रहाटांची चाके पडलेली असत. त्यांतून दातांचे अंतर आमच्या चाकाशी जुळेल असे 15 दातांचे चाक त्याने काढले. आता एका फेऱ्यात तीनऐवजी चार वेढे. आस सरकवून चाक बसवताना तो म्हणाला, "पानी वाढन मालक, पन ते बैलाच्या मानेतून येईन."

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. लहान चाकाचा घेर कमी झाला म्हणजे त्याचा हात तोकडा झाला. विहिरीतला तोच भार फिरवायला त्याच्या दातावर अधिक जोर लागतो, आणि तो जोर मोठ्या चाकामार्फत थेट जुवावर उतरतो. तिनाचे चार झाले, ओझे एक तृतीयांशाने वाढले. घर्षणाचा हिस्सा वेगळाच.

दांडीवर बसून बैल हाकण्याचे काम माझे होते. दोन दिवस पाट भरून वाहिला. घरात सगळे आनंदले. तिसऱ्या दिवशी दुपारी पवळ्या थांबला. मी पराणी टोचली. तो चार पावले चालला आणि गुडघ्यांवर बसला. मी आणखी एकदा टोचली, आणि मग जुवाखालचे रक्त मला दिसले.

काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी लोहाराने 24 दातांचे चाक बसवले. अडीच वेढे, ओझे मूळच्याहूनही सहाव्या हिश्शाने हलके. ढवळ्याला शेजारचा बैल जोडीला मिळाला. फेऱ्यागणिक पाणी कमी येई, पण जोडी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, दुपारची विश्रांती सोडली तर, न थकता चाले. निम्मी बाग हाती लागली.

पुढे मी सौंसरला शाळेत शिकवू लागलो. (पांढुर्णा आणि सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होती, 2023 पासून पांढुर्ण्याचाच जिल्हा झाला आहे.) वर्गात सायकल उलटी उभी करून मी दात मोजायला लावीत असे: पुढे 48, मागे 18, पायाचा एक वेढा, मागच्या चाकाचे पावणेतीनच्या जवळपास. मुले चटकन म्हणत, मोठे चाक म्हणजे जास्त ताकद. मी विचारी, मोठे कोणते, फिरवणारे की फिरणारे? फिरवणारे मोठे असले तर गती मिळते आणि जोर घटतो. फिरणारे मोठे असले तर जोर मिळतो आणि गती घटते. सिल्लेवानीच्या घाटात भरलेली मालमोटार पहिल्या गिअरवर रांगत चढते, तिच्या पोटात लहान चाक मोठ्याला फिरवीत असते. हे त्यांना लगेच पटे. पवळ्याची हकीकत मात्र मी वर्गात कधीच सांगितली नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे शेकले. ढवळ्याचे शेकून झाल्यावर काका पवळ्याजवळ बसले. त्याच्या मानेवरची जखम भरली होती, पण तेथे केस उगवले नव्हते. जू त्याच्या मानेवर पुन्हा चढणार नव्हते, म्हणून तसे पाहिले तर खांदा शेकण्याचे कारणही नव्हते. वाटीतले तूप-हळद संपले, तेव्हा काकांनी मला आत पाठवून आणखी मागवले.