वडिलांची पद्मिनी व तिचा रेडिओ

चारठाण्यास आमच्या वडिलांच्या घरामागें पत्र्याच्या छपराखालीं फिकट पिवळ्या रंगाची एक पद्मिनी मोटार उभी असते. शिक्षकाच्या पगारांत मोटार कशी आली, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, म्हणून आरंभींच सांगतों कीं, ती वडिलांनीं 1983 सालीं एका निवृत्त डॉक्टरांकडून जुनीच घेतली, आणि तिचे पैसे फेडण्यांत आमच्या आईच्या पाटल्या गेल्या. गाडी 1974 सालची. मूळची ही इटलीच्या फियाट कंपनीची 1100 जात. आपल्याकडे ती कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होत असे, आणि तो कारखाना ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा, ती सोलापुरास जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापिली होती. इंजिन लहानसें, 1089 सीसीचें, गियरचा दांडा स्टिअरिंगपाशीं, डॅशबोर्ड पत्र्याचा, आणि त्या डॅशबोर्डाच्या मध्यभागीं दोन गोल बटणांचा रेडिओ.

हा रेडिओच आमच्या लेखाचा विषय होय. त्याला स्पीकर एकच, तोही डॅशबोर्डाखालीं दडलेला. आणि मीडियम वेव्हवांचून दुसरें कांहीं त्याला ऐकूं येत नसे. परंतु आमच्या लहानपणीं तेवढें पुरे होतें. परभणी आकाशवाणी 1305 किलोहर्ट्झवर लागे. मंठ्याकडून जिंतूरकडे येतांना तबकडीवरची सुई 13 च्या आंकड्याशीं टेकविण्याचा मान आम्हां भावंडांत पाळीपाळीनें मिळत असे. बाजारभाव सुरू झाले कीं वडील बोट वर करीत व गाडींत शांतता होई. आम्हांस शेत नव्हतें. तरी कापसाचा भाव त्यांना रोज हवा असे, कारण त्यावरूनच वर्गांतल्या कोणत्या मुलाची फी वेळेवर येईल व कोणाची येणार नाहीं, हें त्यांस आधीं कळे.

पुढें रेडिओ मुका झाला. वडिलांचें वय वाढलें, गाडी आठवड्यांतून एकदां तीं पांच मिनिटें सुरू करून ठेवण्यापुरती उरली. 2018 सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही चारठाण्यास गेलों तेव्हां ती नीट दुरुस्त करावी आणि तिच्यांत उत्तम आवाजाची सोय करावी, असें आमच्या मनानें घेतलें. वडिलांना विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. गाडी एका मोठ्या शहरांत नेली. तेथील कारागिरानें सरळ सांगितलें कीं, हल्लींच्या रेडिओचें तोंड 180 मिलिमीटर लांब व 50 मिलिमीटर उंच असतें, जगभर तेंच माप ठरलें आहे, आणि तुमच्या डॅशबोर्डांत तें बसवावयाचें तर पत्रा कापावा लागेल. स्पीकर दारांत बसवूं. आम्हीं होकार दिला. दारांपासून आरंभ झाला. तासाभरांत पुढच्या दोन्ही दारांच्या रेक्झीनला व आंतल्या पत्र्याला सहा सहा इंचांचीं दोन भोकें पडलीं. त्यानंतर कारागीर करवत घेऊन डॅशबोर्डाकडे वळला, आणि ती चकचकीत पट्टी व तीं दोन बटणें पाहून आमचा धीर सुटला. डॅशबोर्ड राहूं द्या, असें आम्हीं सांगितलें. मोबाइलवरून वाजणारा एक अँप्लिफायर सीटखालीं घालून, दोन मोठे स्पीकर दारांत घेऊन आम्ही परतलों. कारागिराचा यांत कांहीं दोष नव्हता; त्यानें सांगितलें तेंच केलें.

वडिलांनीं गाडीभोंवतीं एक फेरी घातली. दार उघडून कापलेल्या कडेवरून बोट फिरविलें व म्हणाले, "मास्तर ना तूं? मुलांना शिकवितोस काय? आधीं मोज, मग काप." नंतर ते शेजारीं बसले. आम्हीं मोठ्या अभिमानानें मोबाइलवर बातम्या लावल्या. दारें थरथरूं लागलीं. वडिलांनीं थोडा वेळ ऐकलें, आणि म्हणाले, "आवाज पुष्कळ आहे रे. शब्द नाहींत."

या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या रात्रीं कळला. विज्ञान शिकविणाऱ्यास तो त्या क्षणींच कळावयास हवा होता. म्हातारपणीं कान मंदावतात ते सर्व सुरांना सारखे मंदावत नाहींत. आधीं उंच सूर जातात. 'आ', 'ओ' यांसारख्या स्वरांचें बळ खालच्या सुरांत असतें, म्हणून ते ऐकूं येतात. परंतु 'स', 'श', 'फ', 'त' हीं व्यंजनें वरच्या सुरांत राहतात, आणि शब्दाची ओळख तर व्यंजनांनींच पटते. अशा कानाला नुसता आवाज वाढवून दिला, तर त्याला गोंगाट अधिक मिळतो, शब्द मिळत नाहींत. त्यांतून आम्हीं बसविलेले स्पीकर खालच्या सुरांची धडधड वाढविणारे; ते दारांत, म्हणजे गुडघ्यांपाशीं; आणि दारांचा पातळ पत्रा स्वतःच ढोलासारखा वाजणारा. आईच्या पाटल्यांची गाडी आम्हीं कापली, आणि ज्यांच्यासाठीं कापली त्यांना तींतून कांहींच ऐकूं आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडिलांबरोबर नेहमींप्रमाणें फिरावयास गेलों. चारठाण्याचें नांव ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना तेथील यादवकालीन देवळें ठाऊक असतील. आमचें घर ख्रिस्ती. तरी वडिलांनीं आपल्या प्रत्येक वर्गाला गोकुळेश्वराच्या आवारांत नेऊन दगडावर दगड कसा बसला आहे हें दाखविलें होतें, आणि आम्हांसही तेथेंच प्रथम भूमिति समजली. चुन्याचा आधार न घेतां, खांचेंत खांच बसवून, वरच्या वजनानेंच खालचा दगड धरून ठेवावयाचा, अशी ही बांधणी. वडील त्या दिवशीं एवढेंच म्हणाले कीं, असा दगड निसटला तर उचलून पुन्हां जागेवर ठेवतां येतो. सिमेंट ओतलें कीं तो दगड राहत नाहीं. गाडीचें नांव त्यांनीं काढलें नाहीं. 1964 सालीं व्हेनिस येथें प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीं जी सनद तयार झाली, तींत असें कलम आहे कीं, नवा घातलेला भाग जुन्याशीं शोभून दिसावा, पण तो नवा आहे हें ओळखूंही यावें. हें कलम आम्हीं पुष्कळ पुढें वाचलें. वडिलांनीं तें वाचलें नव्हतें.

त्या आठवड्यांत आम्ही जिंतूरच्या एका वृद्ध रेडिओ-मिस्त्र्याकडे गेलों. त्यांनीं जुना सेट उघडला, वास घेतला, आणि म्हणाले, "सर, हा मेला नाहीं, वाळला आहे." रेडिओंतील कांहीं कंडेन्सरांत ओला पदार्थ असतो, तीस-चाळीस वर्षांत तो सुकतो, आणि मग सेट गुणगुणतो किंवा अगदींच गप्प बसतो. मिस्त्र्यांनीं तेवढे कंडेन्सर बदलले, बटणांखालचे घासले गेलेले भाग साफ केले, आणि काढलेले सर्व सुटे भाग तंबाखूच्या एका रिकाम्या डबींत घालून डबी आमच्या हातीं दिली. "जुनें आहे, टाकूं नका," असें त्यांनीं बजाविलें. आंतले कंडेन्सर नवे घातल्यावर रेडिओ मूळचा राहिला काय, असा वाद शौकीन लोक घालतात. आमच्या मतें राहिला. गाडीचे टायरही कोणी 1974 चे ठेवीत नाहीं.

खरी अडचण पुढेंच होती. इंजिन सुरू केलें कीं रेडिओंत कडकड ऐकूं येई, आणि वेग वाढेल तशी ती कडकडही वाढे. ही तक्रार मोटारीच्या रेडिओइतकीच जुनी आहे. अमेरिकेंत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनें 1930 सालीं मोटोरोला नांवाचा रेडिओ बाजारांत आणला, तेव्हां त्यांनाही इंजिनाच्या ठिणग्यांशींच झगडावें लागलें होतें. कारण प्रत्येक ठिणगी हें एक लहानसें आकाशवाणी केंद्रच असतें. मिस्त्र्यांनीं प्लगांच्या टोप्या आंत रेझिस्टर असलेल्या घातल्या, डायनॅमोवर एक कंडेन्सर बांधला, आणि बॉनेट व गाडीचा सांगाडा तांब्याच्या जाळीदार पट्टीनें जोडला. कडकड राहिली ती पावसाच्या पहिल्या थेंबांएवढी. यांपैकीं प्रत्येक वस्तु पान्यानें काढतां येते. एकही नवें भोंक पडलें नाहीं.

शहरांतला अँप्लिफायर त्यांनीं पाहिला आणि हंसले. त्यावर 400 वॅट असें छापलें होतें. बारा व्होल्टांवर 400 वॅट म्हणजे तेहतीस अँपिअरांहून अधिक. आणि 45 वॅटांचे दोन दिवे लावले तरी अवघे साडेसात अँपिअर लागतात. डायनॅमोची जुनी गाडी, चौकांत उभी असतां तर तो जेमतेम वीज देतो; ती हें ओझें कोठून वाहणार? छापलेला आंकडा बहुधा फुगविलेलाच असतो हें खरें, परंतु आम्हीं तो परत केला. त्याऐवजीं हल्लींचा तळहाताएवढा एक अँप्लिफायर घेतला. तो विजेचा फारच थोडा भाग उष्णतेंत घालवितो. लांकडाच्या फळीवर बसवून ती फळी सीटच्या मूळच्याच बोल्टांना अडकविली, आणि त्याच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज घातला. हा फ्यूज पुष्कळ जण विसरतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

स्पीकर मात्र कोठें असावा हें वडिलांनींच ठरविलें. मिस्त्र्यांनीं चार इंची स्पीकर एका लहान लांकडी पेटींत बसविला व ती पेटी हातांत घेऊन गाडींत निरनिराळ्या जागीं धरली. वडील डोळे मिटून ऐकत होते. डॅशबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यांत, तोंडासमोर पेटी येतांच त्यांनीं बोट वर केलें. तेंच बोट, बाजारभावाचें. पेटी तेथें चामड्याच्या पट्ट्यानें बांधली आहे. खालचे सूर कमी केले, मधले व वरचे थोडे उचलले. संगीताच्या शौकिनाला हा आवाज कोरडा वाटेल. आमच्या पुतण्याला तो वाटलाच, आणि त्यानें तसें बोलून दाखविलें. त्याच्यासाठीं मागच्या कांचेखालीं दोन सुट्या पेट्या ठेवल्या आहेत. तो आला कीं त्या जोडावयाच्या, गेला कीं काढून ठेवावयाच्या.

दारांतलीं भोकें राहिलीं तीं राहिलींच. त्यांवर आम्हीं त्याच रंगाचें रेक्झीन लावून घेतलें, पण पंचेचाळीस वर्षांच्या उन्हानें फिकटलेला रंग दुकानांत मिळत नाहीं. दोन गोल वेगळे दिसतात. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सींची शेवटची गाडी 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, त्यानंतर पुष्कळ जण आमची गाडी पाहण्यास व विकत मागण्यास येऊं लागले. दार उघडून ते त्या गोलांकडे पाहतात व भाव पाडतात. वडील त्यांना चहा देऊन परत पाठवितात.

परंतु सांगावयाचें तें त्याच सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळचें. आम्ही वडिलांना घेऊन जिंतूरपर्यंत गेलों व परत निघालों तोंच अंधार पडला. दिवस मावळला कीं मीडियम वेव्हच्या लहरी आकाशांतील वरच्या थरावरून परतूं लागतात, आणि दूरदूरचीं केंद्रें एकमेकांत मिसळतात. परभणीच्या आवाजामागें कोणत्या तरी परक्या भाषेंतलें गाणें येत जात होतें. मोबाइलवर स्वच्छ आवाज मिळेल, असें आम्हीं सुचविलें. वडिलांनीं मान हलविली, आणि स्वतःच्या हातानें बटण केसभर फिरवून सुई जागेवर आणली.

घरीं पोंचल्यावर ते उतरेनात. "इंजिन बंद कर, म्हणजे नीट ऐकूं येईल," असें म्हणाले. बॅटरी जुनी आहे, उतरेल, असें आम्हीं सांगून पाहिलें. "उतरूं दे. सकाळीं ढकलूं." आम्ही आंत जाऊन जेवलों, सामान बांधलें, छपराखालून शेतीविषयींचें कोणाचें तरी बोलणें पुष्कळ वेळ ऐकूं येत होतें. सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं. वडील स्टिअरिंगवर बसले, आणि आम्हीं, पुतण्यानें व रस्त्यावरून शाळेच्या मैदानाकडे निघालेल्या दोन मुलांनीं मिळून ती फाट्याच्या उतारापर्यंत ढकलीत नेली.