स्कूटरच्या गावात आता इलेक्ट्रिक बस

लखनऊ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे इमामबाडा, चिकनकारीचे कुर्ते आणि कबाब येतात. विमानातून उतरलेली बहुतेक कुटुंबं मेट्रो किंवा टॅक्सीने थेट शहर गाठतात. पण अमौसी विमानतळावरून शहराकडे न वळता कानपूर रोडने पुढे गेलात, तर सरोजिनी नगर लागतं. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत ते सापडणार नाही. मात्र तुमच्या आई-वडिलांच्या काळातल्या एका स्कूटरची गोष्ट इथलीच आहे.

1972 मध्ये केंद्र सरकारने स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली. मिलानच्या इनोसेंटी कंपनीने लॅम्ब्रेटा बनवणं थांबवलं होतं. तिची यंत्रं, आराखडे आणि नावाचे हक्क विकत घेऊन इथं कारखाना उभा राहिला. मराठी घरांना लॅम्ब्रेटा नवी नव्हती. मुंबईची ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ती आधीपासून बनवत होती. सरोजिनी नगरात बनलेली तिची बहीण म्हणजे 'विजय सुपर'.

या स्कूटरची रचना आजही समजून घेण्यासारखी आहे. वेस्पाच्या घराण्यातल्या जुन्या बजाजचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला असायचं, त्यामुळे वजन एका अंगाला झुकायचं. लॅम्ब्रेटाचं इंजिन मधोमध होतं आणि सांगाडा जाड नळीचा. साहजिकच तोल चांगला राहायचा. बाजूचे पत्रे काढले की इंजिन समोर!

मग अशी स्कूटर मागे का पडली? कारण चांगली रचनाही काळाबरोबर सुधारावी लागते. 1980 च्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने होंडाच्या साथीने गिअर नसलेली, बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आणली. साडी नेसून किक मारण्याची कसरत संपली आणि अनेक महिलांच्या हाती स्वतःचं वाहन आलं. सरोजिनी नगरातल्या स्कूटरचा साचा मात्र जुनाच राहिला. 1997 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पुढे कारखान्याचा भार 'विक्रम' या तीनचाकीने वाहिला. उत्तर भारतातल्या काही शहरांत शेअर टेम्पोला लोक विक्रमच म्हणू लागले. तरीही तोटा सुटला नाही आणि 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी बंद करायला मंजुरी दिली. ज्या घरांची चूल या पगारावर पेटायची, त्यांच्यासाठी ही फक्त बातमी नव्हती.

आता त्याच जागेवर अशोक लेलँडचा इलेक्ट्रिक बसचा कारखाना आला आहे. 2023 मध्ये राज्य सरकारशी करार झाला आणि 2026 च्या सुरुवातीला उद्घाटन. सुरुवातीची क्षमता वर्षाला 2,500 बसची आहे. या कंपनीच्या घरातली बस तुम्ही कदाचित पाहिलीही असेल. मुंबईत बेस्टच्या ताफ्यात आलेली वातानुकूलित इलेक्ट्रिक डबलडेकर याच समूहातल्या स्विच मोबिलिटीची आहे. अशा बसमध्ये ना गिअरचा खडखडाट, ना धूर. ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ऊर्जाही बॅटरीत परत जाते.

तुम्ही घरासाठी ई-स्कूटर घेणार असाल, तर सरोजिनी नगरची गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या रंगरूपावर आणि वेगावर भाळू नका. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, सुटे भाग कुठे मिळतील, दुरुस्ती केंद्र घरापासून किती लांब, हे आधी विचारा. वाहन शोरूममध्ये आवडतं, पण त्याची खरी परीक्षा पाचव्या वर्षी होते.

आणि लखनऊला गेलात, तर रिक्षावाल्याला 'स्कूटर इंडिया' एवढंच सांगा. स्कूटर गेली, कंपनी गेली, पण कानपूर रोडवरचा तो चौक अजून त्याच नावाने ओळखला जातो.