अक्का, ऑक्टोबरमध्ये ये

प्रिय अक्का,

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "माझी आयरिस कशी आहे गं?" तुझी! लावून तू मोकळी झालीस, जूनपासून पाणी कोण घालतंय? पण रागावत नाही. आज बातमीच तशी आहे. दुसरा बहर आलाय.

कुंपणालगतच्या वाफ्यात बाकीच्या आयरिस नुसती पानं घेऊन उभ्या आहेत, आणि तुझ्या 'इमॉर्टॅलिटी'ला अडीच फुटी दांडा. कळी किंचित निळसर, उमलली की पांढरीशुभ्र. तीन पाकळ्या वर मिटून उभ्या, तीन खाली ओघळलेल्या, आणि त्यांच्यावर ती मऊ, फिकट पिवळसर दाढी. मेमध्ये बोट फिरवून "ही खरंच दाढी आहे गं" म्हणत किती हसली होतीस!

कंद लावतानाचं भांडण आठवतं? मी म्हणत होते, पाठ उघडी ठेव, तिला ऊन लागू दे. तू म्हणालीस, "उघडा ठेवतात होय कधी कंद?" आणि आलं लावावं तसा खोल गाडलास. पुढच्या वसंतात नुसती पानं. तू नाशिकला पोचलेली; माती मी उकरली.

एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? फुलतात ते त्याच्या कुशीतून फुटलेले नवे कोंब. साध्या आयरिसच्या कोंबांना आधी हिवाळा काढावा लागतो. हिचे उन्हाळ्यातच भरतात आणि शरदात दांडा टाकतात. म्हणून इतरांचं पाणी तोडलं तरी हिचं तोडायचं नाही. दर तीन-चार वर्षांनी गड्डा फोडून कोंब वेगळे लावायचे, तेही मीच करते.

आणि हे तुला सांगायचंच राहिलं. ही जात काढली लॉइड झुरब्रिग यांनी, 1982 साली नोंदवली. मूळचे कॅनडाचे, आणि इथे आमच्याच व्हर्जिनियात, रॅडफर्डला, संगीत शिकवायचे! दिवसभर विद्यार्थ्यांचे सूर लावून घ्यायचे आणि उरलेल्या वेळात दोनदा फुलणाऱ्या आयरिसचा ध्यास. तुझं त्यांच्याशी छान जमलं असतं.

तुकडा बॅगेत घालून नेण्याचा हट्ट मात्र सोड. विमानतळावर काढून घेतील ते वेगळंच. पण नाशिकच्या पावसात कंद कुजेल, आणि हिला हवी तशी थंडी तिथे कुठली? उगीच जीव जायचा तिचा.

त्यापेक्षा तूच ये ना. दरवेळी मेच का? क्लासच्या मुली पंधरा दिवस तुझ्याशिवाय रियाज करतील, एवढं तर शिकवलंयस त्यांना. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, व्हीलचेअर मी सांगून ठेवते. दसरा झाला की नीघ. कडक हिव पडलं की कळ्या जळतात, त्याच्या आत पोचायला हवं. तिकिटाचं आजच बघते. स्वेटर जाड आण.

तुझी,
धाकटी