तिसरी तार

१३ ऑक्टोबर, नांदेड
उद्या लातूरला एका आडत दुकानाच्या भुईकाट्याचं काम आहे. आज चार पोर्टांचा सिरीयल सर्व्हर टेबलावर मांडून तयार केला. काट्याच्या इंडिकेटरला मागे नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट असतो. आरएस-२३२ हे त्याचं मानक १९६० सालचं. लॅपटॉपांतून तो पोर्ट गेला, काट्यांवर अजून आहे. म्हणून मध्ये हा डबा लागतो: एका बाजूला काट्याची तार, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची केबल.

डब्याला कायमचा आयपी पत्ता दिला. राउटरवर सोडलं तर पत्ता कधीही बदलतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. चार पोर्टांना चार टीसीपी क्रमांक दिले, ४००१ ते ४००४. डबा वाट पाहणार, ऑफिसचा संगणक जोडणी मागणार. आधीपासून असलेला पासवर्ड बदलला.

१४ ऑक्टोबर, लातूर
लोहा, अहमदपूर, चाकूर करत पोचलो. सोयाबीनचा हंगाम, ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत. इथं काटाघरापासून ऑफिसपर्यंत ७० मीटर सिरीयल तारच ओढलेली होती. ती साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची. डबा इंडिकेटरशेजारी बसवला आणि पुढचं अंतर नेटवर्क केबलवर नेलं. तिला १०० मीटर झेपतात.

जोडणी झाली, पण आकडे अर्धवट. ०, ३, ५, ६, ९ नीट दिसत होते; १, २, ४, ७, ८ यांच्या जागी भलत्याच खुणा. वेग चुकला असता तर सगळंच बिघडलं असतं. कागदावर एकेका अंकाचे बिट मांडले तेव्हा उलगडलं: बिघडणाऱ्या प्रत्येक अंकात एकांची संख्या विषम होती. इंडिकेटर ७ बिट आणि सम पॅरिटीने, म्हणजे एकांची संख्या सम करणारा जादा बिट जोडून, पाठवत होता; मी डब्याला ८ बिट, पॅरिटी नाही असं सांगितलं होतं. ९६०० चा वेग तोच ठेवून बाकीचं बदललं. आकडे स्वच्छ झाले.

१५ ऑक्टोबर, लातूर
दुपारी लाईट गेली. डबा इन्व्हर्टरवर चालू राहिला, ऑफिसचा संगणक बंद पडला. परत चालू केला तर जोडणी मिळेना. पोर्टवर एका वेळी एकच जोडणी घ्यायची अशी मांडणी होती आणि डब्याच्या लेखी जुनी अजून जिवंत होती. समोरचा आहे की नाही हे दर मिनिटाला तपासायला लावलं.

संध्याकाळी त्याहून मोठी गोष्ट सापडली. केबल सैल होऊन जोडणी तुटली, तरी स्क्रीनवर मागच्या ट्रॅक्टरचे ६,९३० किलो तसेच राहिले. काट्यावर दुसराच ट्रॅक्टर होता. त्याचे मालक खिडकीशी येऊन म्हणाले, "दादा, भायेर तर येगळाच आकडा दिसायलाय." बाहेरच्या फलकावर ७,२४० होते. ३१० किलोंचा फरक. पावती अजून निघाली नव्हती.

आपल्याकडे काटामारी हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. इथं कुणाच्याही मनात पाप नव्हतं. तरीही चार महिन्यांच्या कष्टातून तीन क्विंटल वजा झाले असते. बिलाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला रात्रीच फोन केला: दोन सेकंद नवा आकडा आला नाही तर रकाना कोरा करायचा आणि पावतीचं बटण बंद ठेवायचं. जुन्या आकड्यापेक्षा कोरा रकाना खरा.

१६ ऑक्टोबर, लातूर
सकाळी प्रोग्राम बदलून आला. केबल मुद्दाम काढून पाहिली. रकाना कोरा झाला.

काल रात्री आणखी एक विचार छळत होता. हा इंडिकेटर तारेवरून हुकूमही घेतो: शून्य कर, टेअर धर. म्हणजे ४००१ पर्यंत पोचणारा कुणीही भरल्या ट्रॉलीखाली काटा शून्यावर आणू शकतो. इंडिकेटरला वैधमापन विभागाचं सील असतं, तारेला नसतं. फक्त ऑफिसच्या संगणकालाच परवानगी दिली, पण ही सेटिंग उद्या कुणीही बदलेल.

म्हणून इंडिकेटरकडे हुकूम नेणारी तार कनेक्टरातून काढून टाकली. वजन बाहेर नेणारी आणि ग्राउंडची, एवढ्या दोनच ठेवल्या. काट्याचं म्हणणं बाहेर येईल, बाहेरून त्याला कुणी काही सांगू शकणार नाही.

निघण्याआधी काटाघराच्या दाराला आतून कागद चिकटवला: ९६००, ७, सम, १. पोर्ट ४००१. खाली मोठ्या अक्षरांत: तिसरी तार मुद्दाम काढली आहे. जोडू नये.