आरामखुर्ची

खुर्ची हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, पण आरामखुर्चीत पाठ टेकून बसलेली बाई मी कितीतरी वर्षं पाहिली नव्हती. माहेरी जळगावला आरामखुर्ची आजोबांची. सासरी बऱ्हाणपूरला, इतवाऱ्यातल्या घरात ती सासऱ्यांची. बायकांसाठी पाट, चटई, उंबरा, जिन्याची खालची पायरी, फार तर पलंगाचा पायथा. आणि माणूस गेला तरी खुर्ची त्याचीच राहते, हेही खरं. सासरे गेल्यावर त्यांची लांब हातांची कापडी खुर्ची चार वर्षं पुढच्या खोलीत रिकामी होती. सासूबाई तिच्यावरची धूळ पुसायच्या, कापड काढून धुवायच्या, वाळवून पुन्हा घालायच्या. बसल्या मात्र एकदाही नाहीत. शेवटी ती माझ्या जेठांच्या घरी गेली. तिथे आता जेठ बसतात.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, जमिनीवर बसणं बंद. ज्या बाईचं स्वयंपाक, निवडणं-टिपणं, सामायिक, गप्पा, सगळं आयुष्य जमिनीपासून चार बोटांवर गेलं, तिला एकदम अधांतरी करून टाकल्यासारखं झालं. सामायिकासाठी आता स्थानकातही मागे खुर्च्यांची रांग असते, त्यामुळे ते अठ्ठेचाळीस मिनिटांचं भागलं. प्रश्न होता दुपारचा. जेवणानंतर त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. पाठ ताठ, पाय लोंबते, आणि डुलकी लागली की मान एकदम खाली. रोज मला वाटायचं, आज पडणार.

मुलांनी तोडगा काढला तो आजकालच्या मुलांसारखाच. दुकानात जाऊन बटणावर मागे झुकणारी, तपकिरी, फुगीर, हत्तीच्या पिलाएवढी खुर्ची पसंत करून आले. आई म्हणाल्या, "चामडं आहे का?" मुलगा म्हणाला, "नाही हो आई, रेक्झिन." तर म्हणाल्या, "दिसतंय ना चामड्यासारखं? मग बसताना मला तेच आठवत राहणार." दुसरी अडचण त्यांच्या वहीत होती. परिग्रहाची मर्यादा त्यांनी फार वर्षांपूर्वी घालून घेतली आहे. साड्या किती, भांडी किती, लाकडी सामानाचे नग किती, सगळं लिहून ठेवलेलं. एक नग आत आला तर एक बाहेर गेला पाहिजे, आणि नवीन लाकूड कापून घडवलेलं तर नकोच.

म्हणजे जुनी खुर्ची. इथे माझा स्वार्थ जागा झाला, हे कबूल करते. मला पन्नास-साठच्या दशकातल्या खुर्च्या फार आवडतात. इंग्रजांच्या वेळच्या कोरीव, सिंहाच्या पंजांच्या नव्हेत. स्वातंत्र्यानंतरच्या. बारीक होत गेलेले तिरके पाय, मागे कललेली पाठ, वेताचं विणकाम, नक्षीचं नावही नाही. ऐंशीच्या पुढे सनमायका आणि फोमचे सोफे आले आणि या खुर्च्या आपल्या लोकांनी माळ्यावर, गच्चीवर, शेवटी भंगारात टाकल्या.

यातल्या सगळ्यांत गाजलेल्या चंदीगडच्या. ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे 1951 ते 1965 चंदीगडला राहिले. नवीन राजधानीच्या कचेऱ्या, कॉलेजं, अधिकाऱ्यांची घरं यांच्यासाठी साधं, स्वस्त, स्थानिक सुतारांना जमेल असं सामान हवं होतं. सागवान आणि वेत. त्या कामात यूली चौधरी या वास्तुविशारद बाईही होत्या. खुर्च्यांची चर्चा होते तेव्हा त्यांचं नाव घ्यायचं बहुतेक लोक विसरतात, म्हणून मी इथे मुद्दाम घेते. पुढे या खुर्च्या मोडक्या ठरवून सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने गेल्या, आणि परदेशातल्या व्यापाऱ्यांनी त्या दुरुस्त करून तिकडच्या लिलावांत लाखांनी विकल्या. 2011 मध्ये केंद्राच्या गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर बंदी घातली तोवर घोडं पुष्कळ लांब गेलं होतं. परिणाम असा की आज जुन्या सामानाच्या कुठल्याही दुकानात तिरक्या पायांची खुर्ची दिसली की ती "चंदीगडची" असते.

अमेरिकेत त्याच सुमारास, 1956 साली, चार्ल्स आणि रे ईम्स या नवराबायकोची प्रसिद्ध आरामखुर्ची आली. वाकवलेल्या प्लायवर रोझवूडचा पापुद्रा, त्यावर चामड्याच्या गाद्या. देखणी आहे, पण आपल्या घरात येण्याचा प्रश्नच नाही. मात्र याच दोघांनी भारत फिरून 1958 मध्ये सरकारला एक अहवाल दिला, आणि त्यात सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल तर आपल्या लोट्याचं. भरलेला कसा तोलतो, रिकामा कसा, कमरेवर कसा बसतो, धार कशी पडते, घासायला कसा, मोड म्हणून विकला तर काय येईल, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि ती उभी करण्यात गौतम आणि गिरा साराभाई ही भावंडं पुढे होती. साराभाई म्हणजे आपल्या जैन समाजातलंच घराणं. त्याच घरातल्या मनोरमा साराभाईंनी, नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन राहण्यासाठी, ल कॉर्बुझिएंकडून घर बांधून घेतलं. ते 1955 च्या सुमारास पूर्ण झालं. घर कसं हवं हे सांगणारी बाई, तीही विधवा, त्या काळात! मला त्या घरापेक्षा त्या सांगण्याचं अप्रूप वाटतं.

तर लोट्याला विचारतात तसे प्रश्न खुर्चीला विचारायचे, असं ठरवून मी बाहेर पडले.

लोक सांगतात मुंबईला जा, चोरबाजारात मटन स्ट्रीटला, नाहीतर ओशिवऱ्याला. मी आधी आपलं गाव पाहिलं. आमच्या पेठांमधले जुने वाडे पडताहेत, त्यांचे सागवानी खांब आणि दारं रोज हातगाडीवरून जाताना दिसतात. पॉवरलूमच्या खटखटाटात एका गोदामात तीन खुर्च्या निघाल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, चंदीगढ़ का माल है. पीछे नंबर देखो." मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात आकडे होते. चंदीगडच्या खुर्च्यांवर असे खात्यांचे नंबर असतात हे खरं, म्हणूनच तर ते रंगवतात. बोटाने घासलं तर बोट पांढरं झालं. मी काही बोलले नाही, बोट त्याला दाखवलं. मग तो म्हणाला, "अच्छा, नेपानगर का समझो. साहब के बंगले का." हे मात्र अगदीच अशक्य नव्हतं. नेपाचा कागद कारखाना इथून जवळ, 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. तिथल्या साहेबांच्या घरांत त्या काळी काहीतरी फर्निचर आलंच असेल. पुरावा काही नाही. मला पुराव्याची गरजही नव्हती, मला खुर्ची हवी होती.

बायकांनो, जुनी खुर्ची बघायची तर उलटी करून बघा. वरून सगळ्याच पॉलिशने सारख्या दिसतात. खालच्या बाजूला, जिथे पॉलिश पोचत नाही, तिथे नखाने खरवडलं की सागाचा तेलकट वास येतो आणि रंगही कळतो. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून हलवा. कुरकुरली तर सांधे सुटलेत. सुटलेले सांधे दुरुस्त होतात, चिरलेला पाय होत नाही. एका खुर्चीचा मागचा पाय उभा चिरला होता आणि वरून भुसा-गोंद भरून रंगवला होता. ती बाजूला केली.

दुसरीच्या पायाला टाचणीएवढी भोकं होती. भोकं असणं वाईट नाही, किडा चाळीस वर्षांपूर्वीही निघून गेलेला असू शकतो. आत कोणी आहे का, हा प्रश्न. दुकानदार म्हणाला, घासलेट मारून देतो, सगळं मरेल. मी म्हटलं, तेच तर नको. दोन्ही खुर्च्यांखाली काळं कापड अंथरून आठ दिवस ठेवायला सांगितलं. तो माझ्याकडे वेडी आहे का अशा नजरेने बघत होता, पण इसार दिला होता, म्हणून ठेवलं. आठव्या दिवशी दुसरीखाली पिठासारखी बारीक पूड होती, तिसरीखाली स्वच्छ. ज्यात जीव नांदतोय ती खुर्ची आणायचीच नाही. आणून मग मारायचं की नाही यावर घरात चर्चा करत बसण्यापेक्षा हे सोपं.

तिसरी खुर्ची घेतली. नऊ हजार सांगितले, साडेतीन हजारांत आणली.

घरी आणल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "यावर लाख आहे का?" मला वाटलं होतं त्या रंगाबद्दल बोलतील. जुनं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, आणि चपडा म्हणजे लाख. फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी स्वतःभोवती केलेलं कवच खरवडून काढतात, त्यात किडे किती जातात याला गणती नाही. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, त्यात लाक्षावाणिज्य येतं. इतकी वर्षं मी ते नुसतं म्हणत होते, सासूबाई ते खुर्चीच्या पाठीवर बोट ठेवून म्हणत होत्या. शिवाय जुने सांधे सरसाने चिकटवलेले. सरस म्हणजे उकळलेली कातडी आणि हाडं. फेविकॉल आलं 1959 मध्ये, त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं सुतारांकडे सरसाचा डबा चुलीवर असायचाच. "झालं ते झालं," आई म्हणाल्या, "आपल्या हाताने नवीन चढवायचं नाही."

मिस्त्रीचाचांना बोलावलं. गरम पाण्याच्या फडक्याने सरस मऊ होतो, त्यांनी दोन सुटलेले सांधे तसे मोकळे करून, खरवडून, पांढऱ्या गोंदाने पक्के केले. पॉलिश कागदाने घासून काढलं. नवीन लाख नाही, मेण नाही, कारण ते मधमाश्यांचं. नुसतं जवसाचं तेल, तीन हात, प्रत्येक हाताला दोन दिवस. एक सांगून ठेवते, जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा. वेत ढिला पडला होता पण तुटला नव्हता. गाळलेल्या कोमट पाण्याचं फडकं खालच्या बाजूने फिरवून सावलीत वाळवला, तर रात्रीत ताणून बसला.

राहिली उंची. या खुर्च्या उंच, लांब पायांच्या पुरुषांनी संध्याकाळी सिगारेट ओढत बसायच्या. पुढून बैठक जेमतेम चौदा इंच, मागे आणखी खोल. नवीन गुडघ्यांची, पावणेपाच फुटांची बाई त्यात बसली तर तिला उठवायला दोघं लागतील. हात मात्र चांगले होते, बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. रेटा देऊन उठायला तेच लागतं. पुण्याच्या माझ्या एका मैत्रिणीने फोनवर कळवळून सांगितलं, काही जोडू नकोस गं, किंमत जाईल. कुणाला विकायची होती? चाचा म्हणाले, "काटने का नहीं, जोड़ने का." त्यांनी पडलेल्या वाड्याच्या तुळईतून दोन पट्ट्या काढल्या, दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या पायांखाली बसवल्या. पुढे साडेतीन इंच, मागे सव्वाचार, म्हणजे उंची वाढली आणि कलही थोडा कमी झाला. स्क्रूने बसवल्यात, उद्या काढता येतील. घसरगाडीसारखी दिसते जराशी. मला आवडते.

बाहेर काय जाणार, हे सासूबाईंनी कुणाला विचारलं नाही. स्वयंपाकघरातला त्यांचा बसायचा पाट, ज्यावर बसून त्यांनी पन्नास वर्षं पोळ्या लाटल्या, तो धुऊन, पुसून स्थानकात पाठवला. साध्वीजी आल्या की पाट लागतातच. मी म्हटलं, आई, तो असू द्या, दुसरं काहीतरी देऊ. त्या म्हणाल्या, "मी आता त्यावर बसणार आहे का?"

पहिला आठवडा त्या खुर्चीच्या कडेवर बसत. पाठीमागे एवढी वेताची विणलेली पाठ, आणि यांचा कणा ताठ. मी काही म्हणाले नाही. मग एका दुपारी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर डोकं मागे टेकलेलं, तोंड किंचित उघडं, चष्मा मांडीवर.

पर्युषणाच्या आधी सासूबाईंचे जेठ आले. पंच्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत. त्यांच्यासमोर सासूबाई आयुष्यात बसलेल्या नाहीत. ते आले की पदर ओढून आत, आणि बोलायचं ते दाराआडून, तेही मुलाच्या नाहीतर सुनेच्या मार्फत. काठीचा आवाज ऐकून त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. पदर डोक्यावरून पुढे आला. मी उठवायला पुढे झाले, तर त्यांनी माझ्याकडे न बघता मान हलवली.

काकाजी समोरच्या दिवाणावर बसले. पाणी प्यायले. मग खुर्चीकडे बघत काठीने तिच्या पट्टीवर टकटक केलं आणि नेहमीप्रमाणे मला विचारलं, "सुनबाई, सागवान दिसतंय. कितीला घेतली?"

"साडेतीन हजारांना," सासूबाई म्हणाल्या.