पुढे कोण चालतो?

नैरोबीहून पहाटे निघालो तेव्हा मोटारीत आम्ही तिघे होतो. मी, आमची ही, आणि धाकट्या भावाचा मुलगा, ज्याच्या भरवशावर मी हा आफ्रिकेचा घाट घातला होता. शिवाय खिशात ताईची चिठ्ठी. वाईचा वाडा विकावा की राखावा, हा वाद आमच्या घरात दोन वर्षे चालला आहे. दोघा भावांना तो विकायचा, ताईला राखायचा. आणि 'थोरला म्हणेल ते खरे' असे म्हणून सर्वांनी ते घोंगडे माझ्या गळ्यात टाकलेले! परत आल्यावर सांगतो, असे म्हणून मी विमानात बसलो होतो.

नान्युकीच्या अलीकडे विषुववृत्ताची पाटी लागते. तिथे हिने एक पाय उत्तर गोलार्धात आणि दुसरा दक्षिणेत ठेवून फोटो काढवून घेतला. माउंट केनिया ढगांत दडलेला, त्याने काही दर्शन दिले नाही. पुढे लैकिपियाचे पठार सुरू झाले आणि मी चकितच झालो. जमीन काळीभोर, पाऊस पडला की चाक रुतवणारी; थेट आपल्या कापसाच्या रानासारखी. वर बाभळीच बाभळी. त्यांतल्या एका जातीच्या काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात, त्यांत मुंग्या बिऱ्हाड करतात, आणि वारा सुटला की त्या गाठी शीळ घालतात.

एवासो न्गीरो नदीकाठच्या म्पाला संशोधन केंद्रात पुतण्याच्या ओळखीची एक संशोधक मुलगी होती. तिने दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्हांला नदीवर नेले. बबूनांची टोळी उंच झाडांवर रात्र काढून हळूहळू खाली उतरत होती. माथेरानला माकडाने पिशवी पळवल्यापासून ही या जातीवर खार खाऊन आहे. ती मोटारीतच बसली.

"यांचा पुढारी कोणता?" मी विचारले. उत्तर मला ठाऊकच होते : तो आयाळवाला, सुळे दाखवीत जांभई देणारा दांडगा नर. पोरगी हसली. "थांबा थोडे."

मग तिने गळपट्टा दाखवला. २०१२ साली याच ठिकाणी मार्गारेट क्रोफूट, एरियाना स्ट्रँडबर्ग-पेश्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच टोळीतल्या २५ बबूनांना भूल देऊन असे पट्टे बांधले होते. पट्टा दर सेकंदाला आपली जागा टिपतो. दिवसाचे बारा तास धरले तर एकेकाच्या ४३,२०० नोंदी, पंचवीस जणांच्या दहा लाखांवर! कुठला कारकून या खतावण्या लिहिणार? संगणकानेच त्यांतून कोण निघाला, कोण त्याच्यामागे गेला, आणि कोण जागचा न हलल्यामुळे निघालेला मुकाट्याने परतला, हे वेचून काढले.

पट्ट्यात हालचाल मोजणारेही एक यंत्र असते. कलाहारीतल्या मीरकॅटांच्या अशा पट्ट्यांवर २०१९ सालचा एक अभ्यास आहे. आधी माणसांनी चित्रफिती पाहून 'हा पहारा, हा विसावा, हे चारा शोधणे, हे धावणे' अशा खुणा केल्या. त्यांवरून संगणक शिकला आणि मग नुसत्या आकड्यांवरून प्राणी काय करतो आहे ते सांगू लागला. मुळाक्षरे गिरवून घेण्यासारखेच हे.

"टोचत नाही का हो ते गळ्याला?" मोटारीतून हिचा आवाज आला. पट्टा वजनाला बेताचा ठेवतात आणि काम संपले की तो आपोआप सुटेल अशी सोय करतात, असे ती म्हणाली. हिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही पुरते झाले नाही.

इतक्यात तो दांडगा उठला. ऐटीत नदीकडे पन्नासएक पावले गेला, बसला, मागे वळून पाहिले. कोणी हलले नाही! थोड्या वेळाने स्वारी आपली शेपूट घेऊन परत आली. मग एक किरकोळ मादी टेकडीकडे निघाली, तिच्यामागे आणखी दोघी, आणि पाहता पाहता सारी टोळी उठली. शेवटी तो दांडगाही.

"आकड्यांतही हेच निघाले," पोरगी म्हणाली. "वरचढ नराच्याच मागे जातात असे नाही. दोन बाजूंना ओढ असली आणि दिशांमधले अंतर काटकोनापेक्षा कमी असले, तर टोळी मधूनच वाट काढते. त्याहून जास्त असले तर एकच बाजू धरतात. बहुधा जिकडे निघणारे अधिक, तिकडची." २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आले.

मी गप्प राहिलो. विकणे आणि राखणे यांत किती अंशांचा कोन होतो, हे मनात मोजत होतो. मागचा सोपा ताईला ठेवून बाकीचा विकता येईल की काय, हे दोन वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

रात्री जेवताना पुतण्याने भीत भीत विषय काढला. "काका, बाबा विचारत होते, तुमचं काय ठरलं?"

"माझं राहू दे," मी म्हणालो. "आधी ताईला फोन लाव, मग तुझ्या बाबांना."

"आत्ता? तिकडे साडेदहा वाजले असतील."

"लाव," ही म्हणाली, "वन्सं जाग्याच असतात."