न आलेली पिल्लं

आमच्या शहापूरला रोवणी आटोपली की आठ-दहा दिवसांनी जो तो धुऱ्यावरून बांधी पाहत फिरतो. उभ्या रोपांआधी त्याची नजर नांग्यांवर, म्हणजे रोप न धरलेल्या रिकाम्या जागांवर जाते. पुण्यात उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे मला हीच नजर कामी येते. एखादं जनुक मुद्दाम निकामी केलेल्या, म्हणजे नॉकआउट उंदरांच्या कामात जन्मलेल्या पिल्लांइतकंच न आलेलं पिल्लू सांगून जातं.

कॅस्पेज-८ हे पेशीला शिस्तीत मरायला लावणारं प्रथिन. आईबापांकडे त्याच्या जनुकाची एकेक प्रत निकामी असेल, तर मेंडेलच्या हिशेबाने चारांतल्या एका पिल्लाकडे दोन्ही निकामी यायला हव्यात. पिल्लाच्या कानाचा कणभर तुकडा घ्यायचा, डीएनए काढायचा, पीसीआर लावून जेलवरचे पट्टे वाचायचे. एका वेतावरून काहीच ठरत नाही. वेतांमागून वेतं होतात, आणि तो चौथा हिस्सा येतच नाही. मग मागे जायचं. सकाळी मादीला समागमाची खूण असलेला प्लग दिसला की त्या दिवसापासून मोजायचं आणि अकराव्या दिवसाच्या सुमारास गर्भ सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे. हरवलेले तिथे सापडतात: हृदयाचा स्नायू नीट न घडलेला, रक्त साकळलेलं.

मारणारं प्रथिनच काढलं, तरी मरण आलं कसं? १९९८ साली पुढे आलेलं हे कोडं २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी सोडवलं. त्यांनी आरआयपीके-३ हे जनुकही काढलं आणि ती पिल्लं जन्मली, वाढली, त्यांनाही पिल्लं झाली. कॅस्पेज-८ एरवी आरआयपीके-३ घडवून आणणाऱ्या आणखी एका मरणाला अडवून धरत असतं. त्या मरणात पेशी फुटते आणि भोवती दाह पसरतो. त्याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. बशीत वाढवलेल्या पेशींत त्याची चाहूल आधीच लागली होती, पण गर्भात ते इतकं हाताशी टपलेलं असतं हे उंदरानेच दाखवलं. वय वाढल्यावर मात्र या उंदरांच्या लसिकाग्रंथी सुजतात, कारण वेळेवर जायला हव्या त्या पेशी साचत राहतात.

असा दुहेरी नॉकआउट मिळवायला दोन्ही जनुकांची एकेक निकामी प्रत असलेली जोडी लावली, तर सोळांत एक पिल्लू हाती येतं. आरआयपीके-३ मुळातच नसलेले, पण कॅस्पेज-८ची एकेकच प्रत निकामी असलेले आईबाप आधी तयार केले, तर चारांत एक. नैतिकता समिती प्रत्येक उंदराचं कारण विचारते आणि विचारायलाच हवं. नव्या विद्यार्थ्याला पीसीआर शिकवण्याआधी मी हा हिशेब कागदावर मांडायला लावते.